आवक शिक्का, ३ सप्टेंबर १९९६

जिल्हा न्यायालयाच्या बातम्या करायला लागले तेव्हा तिथल्या एका वयस्कर शिरस्तेदारांनी मला फाइल वाचायला शिकवलं. पहिल्याच दिवशी मी फाइल हातात घेतली आणि आरोपींची नावं शोधायला लागले. ते म्हणाले, "ताई, नावं कुठं पळून जात नाहीत. आधी आवक शिक्का बघा. कागद आत कधी आला आणि त्यावर पहिला शेरा कधी पडला ते बघा. मधले दिवस मोजा." पुढे ती सवयच लागून गेली. आजही कुठलाही सरकारी कागद समोर आला की माझी नजर आधी तारखेकडे जाते.

अमेरिकेच्या न्याय खात्यानं डिसेंबर २०२५मध्ये जेफ्री एपस्टीन या अल्पवयीन मुलींवर अत्याचार करणाऱ्या अमेरिकी धनाढ्याच्या प्रकरणाचं दप्तर संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्यातला एक कागद मी असाच वाचला. तारीख ३ सप्टेंबर १९९६. एफबीआय या त्यांच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे आलेली ती तक्रार आहे. तक्रार करणारी तरुणी चित्रकार, एपस्टीनकडे काम केलेली. तिचं म्हणणं असं, की मी माझ्या कामासाठी काढलेले माझ्या अल्पवयीन बहिणींचे फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह या माणसानं चोरल्या, आणि ते फोटो त्यानं विकले असावेत. पोहण्याच्या तलावावरच्या लहान मुलींचे फोटो काढून आण, असंही त्यानं सांगितलं होतं. आता कुणाजवळ बोललीस तर घर जाळून टाकीन, अशी धमकी देतो आहे. सगळा मजकूर जेमतेम काही ओळींचा.

त्या तक्रारीवरून एपस्टीनवर काही कारवाई झाली नाही. एफबीआयनं त्याचा तपास हाती घेतला तो २००६ साली, म्हणजे दहा वर्षांनी. तोही फ्लॉरिडातल्या पाम बीच या छोट्या, श्रीमंत गावच्या पोलिसांनी प्रकरण त्यांच्याकडे नेलं म्हणून. पाम बीचच्या पोलिसांकडे मार्च २००५मध्ये पहिल्यांदा फोन आला तो एका चौदा वर्षांच्या मुलीच्या सावत्र आईचा. मी बोटांवर मोजलं. २००५मध्ये चौदाची, म्हणजे १९९६च्या सप्टेंबरात ती पोर पाच वर्षांची असेल. बालवाडीत जाणारी. त्या चार ओळींच्या कागदावर तेव्हा कुणी काम केलं असतं, तर तिच्या वाट्याला हे यायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हे दप्तर नावांसाठी वाचू नका, तारखांसाठी वाचा. नावांच्या मागे लागलं की यातून चावडीवरच्या गप्पा निघतात. तारखा एकापुढे एक लावल्या की कुणाला काय कधी कळलं होतं आणि तरी कोण गप्प बसलं, याचा हिशेब लागतो.

आपल्याकडे या प्रकरणाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. डिसेंबर २०२५मध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मराठी माणूस पंतप्रधान होऊ शकतो अशी शक्यता बोलून दाखवली आणि तिचा संबंध या फायलींशी जोडला. त्यानंतर महिनाभर मराठी वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न होता: यादीत कोण? आमच्या शाळेच्या ग्रुपवर रोज नवी यादी यायची. एकदा मी विचारलं, या प्रकरणात गुन्हा नेमका काय होता, मुली किती होत्या, किती वर्षांच्या होत्या, कुणाला ठाऊक आहे का? तासभर कुणी काही लिहिलं नाही. मग एका मैत्रिणीनं लिहिलं, "खरंच गं, ते कुणी सांगितलंच नाही."

तर ते सांगते.

पाम बीचमधल्या एपस्टीनच्या बंगल्यावर शाळकरी मुलींना 'मालिश करायला' म्हणून बोलावलं जायचं. घरची परिस्थिती बेताची, कुणाचे आईवडील व्यसनी, कुणी नातेवाइकांकडे राहणाऱ्या. एकदा गेलं की दोनशे-तीनशे डॉलर हातात पडायचे. आत गेल्यावर त्यांच्यावर अत्याचार व्हायचे, आणि पुढे त्यांनाच सांगितलं जायचं की मैत्रिणीला घेऊन आलीस तर तुलाही पैसे मिळतील. पीडितेलाच दलाल बनवायचं, म्हणजे ती तोंड उघडणार नाही, असा तो सगळा डाव होता. अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच जुलै २०२५च्या टिपणीनुसार या माणसानं एक हजारांहून अधिक जणींना इजा पोहोचवली.

पोलिसांनी आधी त्या घराबाहेर पडणारा कचरा तपासला. नंतर ऑक्टोबर २००५मध्ये झडती घेतली तेव्हा संगणक आधीच हलवलेले होते. पण फोनवरचे निरोप लिहून ठेवायच्या वह्या सापडल्या. कोणाचा फोन, किती वाजता, निरोप काय, असे रकाने असलेल्या. त्यातल्या एका निरोपात एक मुलगी विचारते आहे, की मला शाळेत थांबावं लागणार आहे, तर अडीच वाजता आलं तर चालेल का. मी हे वाचलं आणि बराच वेळ पुढचं पान उघडू शकले नाही. मराठीत आपण सरकारी कागदांनाही दप्तर म्हणतो आणि पोरांच्या पाठीवरच्या शाळेच्या पिशवीलाही. त्या वहीतल्या एका ओळीत ही दोन्ही दप्तरं एकत्र आली आहेत.

पाम बीचचे पोलीसप्रमुख मायकेल रायटर आणि तपास करणारे अधिकारी जोसेफ रेकॅरी यांनी एकेका मुलीचा जबाब घेतला. एकीचं दुसरीशी जुळत होतं. मे २००६मध्ये रायटर यांनी तिथल्या सरकारी वकिलांना, बॅरी क्रिशर यांना, लेखी कळवलं की तुम्ही या प्रकरणातून बाजूला व्हावं का याचा विचार करा. गावच्या पोलीसप्रमुखानं जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला असं लिहायचं म्हणजे केवढी गोष्ट, हे कोर्टकचेरीत वावरलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. क्रिशर यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला उभा राहण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे नेलं. तिथलं कामकाज अठरा वर्षं गुप्त होतं. फ्लॉरिडानं २०२४मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि त्या जुलैत ते खुलं झालं. त्यातून दिसलं की सरकारी बाजूच त्या पोरींना वेश्या समजून प्रश्न विचारत होती. तू करत होतीस तो गुन्हा आहे हे तुला माहीत होतं ना, अशा अर्थाचा सवाल एका अल्पवयीन मुलीला तिच्याच बाजूनं उभ्या असलेल्या वकिलाकडून आला. जुलै २००६मध्ये आरोप ठेवला गेला तो एकच, वेश्यागमनासाठी विनंती केल्याचा. मुली अल्पवयीन होत्या, याचा त्यात मागमूस नव्हता.

इथून पुढे मला दोन पत्रांबद्दल लिहायचं आहे.

पहिलं पत्र रायटर यांचं. त्याच महिन्यात त्यांनी काही मुलींच्या घरी कळवलं, की झालेल्या आरोपानं पुरेसा न्याय झाला असं मला वाटत नाही, मी प्रकरण एफबीआयकडे सोपवलं आहे. छोट्या गावच्या पोलीस अधिकाऱ्यानं आपल्या सहीनं आपल्याच व्यवस्थेच्या अपयशाची कबुली दिली. या सगळ्या लाखो पानांत मला ज्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला, असा हा एक कागद.

दुसरं पत्र जानेवारी २००८चं. केंद्रीय यंत्रणेच्या नावानं ते पीडित मुलींना गेलं. प्रकरणाचा तपास चालू आहे, अशा कामाला वेळ लागतो, तुम्ही धीर धरावा, असा मजकूर. वाचायला अगदी आश्वासक. आता तारखा लावा. मायामीच्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या कार्यालयानं एपस्टीनशी खटला न चालवण्याचा करार केला होता तो सप्टेंबर २००७मध्ये. म्हणजे पत्र निघालं तेव्हा सौदा होऊन साडेतीन महिने झाले होते. त्या कार्यालयातल्या एका सरकारी वकील बाईंनी त्रेपन्न पानांचं, साठ आरोपांचं कच्चं आरोपपत्र २००७मध्येच तयार केलेलं होतं. ते बाजूला ठेवलं गेलं. करारात एपस्टीनला तर अभय मिळालंच, शिवाय चार जणांना नावानं आणि 'संभाव्य साथीदार' असतील त्या सगळ्यांनाही. हा करार सार्वजनिक दप्तराचा भाग होणार नाही, अशी अपेक्षाही त्यातच नमूद होती. सरकारी कागद जन्माला येतानाच त्याला लपवायचं ठरलं होतं.

'धीर धरा' असं एखाद्या मुलीला लिहिताना आपण तिच्यापासून काय दडवतो आहोत हे ज्या कार्यालयाला ठाऊक होतं, त्या कार्यालयाकडे बोट दाखवायला मला कुठल्याही गुप्त यादीची गरज वाटत नाही. मला ती दोन पत्रं पुरतात.

३० जून २००८ला एपस्टीननं राज्याच्या न्यायालयात दोन गुन्हे कबूल केले आणि अठरा महिन्यांची शिक्षा घेतली. तुरुंगात तो तेरा महिने होता, तेही आठवड्यातले सहा दिवस, रोज बारा तास, आपल्या ऑफिसात जाऊन बसायची मुभा घेऊन. त्याला कबूल करायला लावलेला एक गुन्हा कसा शब्दबद्ध केलेला आहे पाहा: अठरा वर्षांखालील व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी मिळवणे. म्हणजे त्याच्या शिक्षेच्या कागदावरही ती पोर वेश्याच राहिली.

त्या मुलींपैकी दोघी त्याच उन्हाळ्यात न्यायालयात गेल्या. अमेरिकेत २००४चा पीडितांच्या हक्कांचा कायदा आहे. त्यानुसार सरकारी वकिलानं पीडितांना विश्वासात घ्यायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. न्यायाधीश केनेथ मारा यांनी फेब्रुवारी २०१९मध्ये निकाल दिला, की हो, कायदा मोडला गेला. साडेदहा वर्षांनी. पण २०२१मध्ये वरच्या न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की केंद्रीय आरोपपत्र दाखलच झालं नव्हतं, त्यामुळे या कायद्याखाली दाद मागायचा हक्कच पोहोचत नाही. आरोपपत्र का दाखल झालं नव्हतं? कारण मुलींना न सांगता करार झाला होता. ज्या कृतीबद्दल तक्रार, तीच कृती तक्रार फेटाळायला कारण झाली. कायद्याच्या चौकटीत तो निकाल बसत असेल. मला तो वाचताना त्या पोरींची वयं आठवत होती. आता त्या तिशी ओलांडून गेल्या होत्या.

आणखी एक तारीख. न्याय खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागानं नोव्हेंबर २०२०मध्ये या करारावर अहवाल दिला. करारावेळचे मुख्य सरकारी वकील अलेक्झांडर अकोस्टा यांनी चुकीचा निवाडा केला, पण व्यावसायिक गैरवर्तन केलं नाही, असा निष्कर्ष. त्याच अहवालात नोंद आहे, की अकोस्टा यांच्याकडे आलेल्या ईमेल्समध्ये मे २००७ ते एप्रिल २००८ असा खंड आहे. तांत्रिक बिघाड असावा, मुद्दाम केल्याचा पुरावा नाही, असं अहवाल म्हणतो. मी तेवढंच मानते. तरीसुद्धा, ज्या अकरा महिन्यांत करार घाटला, सही झाली आणि ते 'धीर धरा'चं पत्र गेलं, नेमके तेच महिने दप्तरात नाहीत. आमचे शिरस्तेदार असते तर त्यांनी या जागी पेन्सिलीनं उभी रेघ मारली असती.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. 'मायामी हेराल्ड' या दैनिकाच्या ज्युली ब्राऊन यांनी नोव्हेंबर २०१८मध्ये हे सगळं पुन्हा उकरून काढलं, सुमारे ऐंशी पीडिता शोधल्या. जुलै २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय वकिलांनी एपस्टीनला मुलींच्या तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. १० ऑगस्टला तो कोठडीत मरण पावला. आत्महत्या, असा वैद्यकीय निष्कर्ष. पहारेकऱ्यांनी फेऱ्या न मारताच मारल्याच्या नोंदी केल्या होत्या. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल २०२१मध्ये दोषी ठरली, तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. ती एकटीच. हजारांहून अधिक पीडिता, आणि एपस्टीननंतर शिक्षा झालेली व्यक्ती एक.

आता ज्यांना यात आपल्या विरोधी पक्षाची फजिती शोधायची आहे, त्यांनी तारखांपुढे राष्ट्राध्यक्षांची नावं लिहून पाहावीत. १९९६ला क्लिंटन. २००७ला बुश. पीडिता न्यायालयात खेटे घालत होत्या ती आठ वर्षं ओबामांची. एपस्टीन कोठडीत मेला तेव्हा ट्रम्प. मग चार वर्षं बायडन, तेव्हाही हे दप्तर कपाटातच. मग पुन्हा ट्रम्प, ज्यांच्या न्यायमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये 'फेज वन' असं छापलेल्या फायली समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध मंडळींच्या हातात दिल्या, आणि जुलैत त्यांच्याच खात्यानं आता आणखी काही जाहीर करण्याची गरज नाही म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत सगळे रंग येऊन गेले. कपाटाची किल्ली मात्र फिरली नाही.

ती फिरवली दोन खासदारांनी. रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि डेमोक्रॅट रो खन्ना यांनी २१८ सह्या जमवून सभागृहाच्या अध्यक्षांना बाजूला सारत हे दप्तर खुलं करायला लावणारं विधेयक मतदानाला आणलं. १८ नोव्हेंबर २०२५ला ते ४२७ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांची सही झाली. या कायद्यातली दोन वाक्यं मला फार मोलाची वाटतात. एक: लाज वाटेल, प्रतिष्ठेला धक्का लागेल किंवा राजकीय अडचण होईल, या कारणांनी कुठलाही कागद रोखता येणार नाही. दोन: खटला भरायचा की नाही भरायचा, तपास करायचा की नाही करायचा, याबद्दलचा खात्याचा अंतर्गत पत्रव्यवहारही द्यावा लागेल. हे दुसरं वाक्य लिहिणाऱ्याला दुखणं नेमकं कुठं आहे ते कळलेलं होतं.

इथं थोडं घरचं बोलते, कारण तारखा मला तसं बोलायला लावतात. या मतदानाच्या चारच दिवस आधी, १४ नोव्हेंबर २०२५ला, आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती मागितली तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, लोकहित मोठं आहे का, हे त्या कलमातच तपासावं लागायचं. आता त्यात 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले. लोकहिताची तरतूद दुसऱ्या पोटकलमात अजून आहे, पण ती वापरायची की नाही हे त्याच कार्यालयानं ठरवायचं. राळेगणसिद्धीपासून ज्या महाराष्ट्रानं या कायद्यासाठी उपोषणं केली, तिथं या बदलावर जेवढं बोलणं झालं त्याच्या शंभरपट एपस्टीनच्या यादीवर झालं. परक्या देशाची बंद कपाटं उघडली जावीत म्हणून आपण रात्री जागवल्या आणि इकडे आपल्याच कपाटाला कुलूप चढत होतं. एखाद्या अधिकाऱ्यानं पीडितेची फाइल वर्षभर दाबून ठेवली, तर त्याचं नाव 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारलं जाईल अशी भीती मला वाटते, आणि ती उगाच वाटत नाही.

परत अमेरिकेकडे. कायद्यानं दिलेली मुदत १९ डिसेंबरची. त्या दिवशी थोडेच कागद आले. एकशे एकोणीस पानांचा एक दस्तऐवज तर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत काळा. ३० जानेवारी २०२६ला एकदम तीस लाखांहून अधिक पानं, दोन हजार व्हिडिओ आणि एक लाख ऐंशी हजार छायाचित्रं ओतली गेली. त्या संकेतस्थळावर गेलं की आधी विचारतात, तुमचं वय अठरा पूर्ण आहे का. 'हो' म्हणून बटण दाबताना माझा हात थबकला. आतल्या कागदांत ज्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे, त्यांच्यातल्या कितीजणींना हे उत्तर देता आलं नसतं.

आणि मग जे झालं ते मला अक्षम्य वाटतं. ज्यांची नावं झाकायला कायद्यानं स्पष्ट सांगितलं होतं, त्या पीडितांचीच नावं उघडी राहिली. ज्यांनी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, मुलांना नाही, अशाही बायका त्यात होत्या. विवस्त्र छायाचित्रं चेहऱ्यासकट उघडी राहिली. पीडितांच्या वकिलांनी न्यायाधीशांकडे धाव घेतल्यावर खात्यानं हजारो कागद मागे घेतले. चूक झाली म्हणाले. त्याच वेळी खासदारांनी मूळ कागद पाहून आल्यावर सांगितलं, की काही पुरुषांची नावं मात्र कारण नसताना काळी केलेली आहेत. त्यातली काही नंतर उघडी केली गेली. म्हणजे काळी शाई कमी नव्हती, ती चुकीच्या ठिकाणी लागली होती.

भारतात पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२ आहे, अल्पवयीनांसाठी पॉक्सो आहे. तरीही मी पाहिलं, की आपल्याकडच्या मंडळींनी त्या मुलींची नावं आणि फोटो असलेले कागद सर्रास पुढे ढकलले. परदेशातल्या पोरीला अब्रू नसते, असं काही आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही. या लेखात मी एकाही पीडितेचं नाव लिहिलेलं नाही. काहीजणी स्वतःहून पुढे आल्या आहेत, जगाला ठाऊक आहेत, १९९६ची तक्रारदारही त्यांच्यातलीच. तरी नाही.

'सगळं उघडं करा, कुणाचंही नाव झाकू नका' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते इथं. त्या ४२७ विरुद्ध १ मधलं एक मत लुइझियानाच्या क्ले हिगिन्स यांचं होतं. त्यांचं म्हणणं, की फौजदारी तपासाची फाइल जशीच्या तशी लोकांपुढे टाकली तर साक्षीदार, ओळखीपाळखीची माणसं, काही संबंध नसलेले लोक भरडले जातील. त्यांचं मत मला पटत नाही, मी असते तर बाजूनंच हात वर केला असता. पण त्यांनी दाखवलेला धोका खरा होता. फेब्रुवारी २०२६मध्ये खुद्द रो खन्नांनी सभागृहात उभं राहून सहा पुरुषांची नावं वाचली. या लढ्यात ते सर्वांत पुढे होते, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पुढे कळलं की त्यातल्या चौघांचा एपस्टीनशी काडीचाही संबंध नव्हता. पोलिसांनी ओळख पटवण्यासाठी साक्षीदारांना दाखवायला जे फोटो एकत्र ठेवले होते, त्यातले ते चार चेहरे होते. कुठल्या तरी जुन्या फोटोमुळे त्या कागदावर आले, आणि एका दिवसात जगभर नराधम ठरले. फाइलमध्ये नाव असणं म्हणजे काय, हे कळायला तो कागद कशासाठी तयार झाला होता ते कळावं लागतं. यादी करणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

निर्णय ज्यांनी घेतले त्यांची नावं वेगळी. सरकारी वकील, तपासप्रमुख, तुरुंगाधिकारी, मंत्री यांनी जे केलं ते लोकांच्या पैशानं आणि लोकांच्या नावानं केलं, त्यात खासगी काही नाही. त्यांच्या टिपण्या, बैठकींच्या नोंदी, आरोपीच्या वकिलांशी झालेली बोलणी, सगळं नावानिशी उघडं व्हायला हवं. आणि मुलींच्या नावांवर काळी पट्टी कुठं मारायची, ते काम कागद लोकांपुढे जाण्याआधी त्यांच्याच वकिलांच्या हातात द्यायला हवं होतं. कुठली खूण कुणाला ओळखू येईल हे त्यांना ठाऊक आहे. एखादीचं नाव झाकलं पण गाव, बहिणीचं नाव आणि शाळा ठेवली, तर झाकलं काय? तीस लाख पानं म्हणजे फार मोठं काम, हे मला कबूल आहे. पण ज्या खात्याला हजारांहून अधिक पीडितांची संख्या सांगता येते, त्याच्याजवळ त्यांच्या नावांची यादी असलीच पाहिजे.

११ फेब्रुवारी २०२६ला न्यायमंत्री पॅम बॉन्डी संसदेच्या समितीपुढे आल्या तेव्हा त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर काही पीडिता बसल्या होत्या. खासदार प्रमिला जयपाल यांनी त्यांना विचारलं, या न्याय खात्याशी अजूनही तुमची भेट झालेली नाही अशा कितीजणी आहात, हात वर करा. सगळ्यांचे हात वर गेले. मागे वळून यांची माफी मागाल का, असं त्यांनी मंत्र्यांना विचारलं. मंत्री वळल्या नाहीत.

मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. वर गेलेले ते हात चाळिशीच्या आसपासच्या बायकांचे आहेत. २००८च्या जानेवारीत पत्रं निघाली, तेव्हा त्या विशीतल्या असतील किंवा त्याहून लहान. धीर धरा म्हणणारं ते एक पत्र सोडलं, तर त्यांच्यापर्यंत खात्याकडून काय पोहोचलं?

३ सप्टेंबर १९९६चा तो कागद मी उतरवून ठेवला आहे. तक्रारदाराच्या नावावर काळी पट्टी आहे, ती योग्यच आहे. तारीख उघडी आहे. दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या टेबलावर गेला, त्यावर कुणी काय शेरा मारला आणि कुणी तो खाली ठेवला, हे सांगणारं पान मी रोज थोडं थोडं शोधते आहे.